मुद्रांक घेता, मग मालकीची हमी का नाही?

राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिरातल्या एका खोलीत राहणाऱ्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली, २००२ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने तो कायदा केला. आणि त्याच महाराष्ट्रात, ज्याच्या आज्याने दगडावर दगड रचून घर उभे केले, तो गावठाणातला माणूस ‘या घराचा मालक कोण?’ असे विचारतो, तेव्हा मिळकतपत्रिका न पोहोचलेल्या गावात त्याच्या हाती ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा ठेवला जातो. तो कर आकारणीचा कागद. न्यायालय त्याला मालकीचा पुरावा मानत नाही, बँक त्यावर कर्ज देताना नाक मुरडते. घरपट्टी भरताना मालक, कर्ज मागताना उपरा!

२४ एप्रिल २०२० रोजी गावठाणातल्या घरांना मिळकतपत्रिका देणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेचा डंका वाजला. ११ ऑक्टोबरला सहा राज्यांत मिळकतपत्रिकांचे वाटप सुरू झाले. इतर पाच राज्यांत कागद एका दिवसात मिळणार होता, महाराष्ट्राला मात्र महिना लागणार होता. कारण काय? इथे फी वसूल झाल्याशिवाय पत्रिका सुटत नाही. वाडवडिलांच्या घराचा कागदसुद्धा आमचे सरकार विकत देते.

विकत घेणाऱ्याची दशा याहून वाईट. नगर-पुणे रस्त्याने सुप्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना प्लॉटचे फलक पाहून ज्याचे मन पाघळते, तो गुंठ्याचा भाव तेवढा विचारतो. वकिलाचा सर्च रिपोर्ट, मोजणी, मुद्रांक शुल्क, एक टक्का नोंदणी फी, फेरफार, बँकेची प्रक्रिया फी हे सारे पुढे रांगेत उभे असते. सौदा स्वस्तात झाला तरी मुद्रांक रेडी रेकनरच्या चढ्या दरानेच भरायचा. एवढे सारे ओतून दुय्यम निबंधकापुढे अंगठा उमटवल्यावर, आयुष्याची पुंजी ज्या खरेदीखतात गाडली त्यातला विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची हमी १९०८ चा नोंदणी कायदा देतो काय? नाही. तिथे दस्त नोंदला जातो, मालकी नव्हे. उद्या तिसराच वारस कोर्टात उभा राहिला, तर सरकार हात झटकून मोकळे.

आणि तुकडेबंदी! १९४७ च्या कायद्याने जमिनीचे तुकडे पाडणे निषिद्ध. तरी गावोगाव नोटरीच्या कागदावर गुंठे विकले गेले, तलाठ्यापासून आमदारापर्यंत सर्वांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिले, त्यावर घरे उठली, विजेचे मीटर बसले, घरपट्टी सुरू झाली. मग २०१७ साली सरकारने बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून ते नियमित करण्याची वाट काढली. पुढे तो दर ५ टक्क्यांवर आणला. ज्याने इमानाने २५ भरले तो मूर्ख ठरला, ज्याने कायदा धाब्यावर बसवून वाट पाहिली तो शहाणा. गुन्हा घडू द्यायचा, मग माफीचा भाव लावायचा!

हा निव्वळ गलथानपणा आहे, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. मालकी निःसंशय झाली की दर वळणावरची फी आटते, दलालाची दुकानदारी बसते, आणि साहेबांच्या चिठ्ठीवाचून सामान्य माणसाचे काम होऊ लागते. सत्तेला हेच परवडत नाही. राजस्थानने २०१६ साली शहरी जमिनींच्या हक्कप्रमाणपत्राचा कायदा करून दाखवला. स्वतःला पुरोगामी म्हणवणारा महाराष्ट्र मात्र तिजोरीची कडी तेवढी वाजवत बसला. हमी न देता घेतलेला मुद्रांक ही खंडणी आहे.

महसूल खात्याकडे आमची मागणी स्वच्छ आहे. गावठाणातल्या प्रत्येक घराची मिळकतपत्रिका विनामूल्य द्या, मुद्रांक घेतलेल्या प्रत्येक व्यवहारात मालकीची जबाबदारी सरकारने उचलावी, आणि सरकारी नोंदीच्या चुकीने घर गमावणाऱ्याला सरकारनेच भरपाई द्यावी. हे जमणार नसेल, तर घेतलेली फी परत करा.