शेअरदलालाचा सिद्धान्त आणि निफाडचा न्यायमूर्ती

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर उभा करून बसलेल्या शेतकऱ्याने डेव्हिड रिकार्डो हे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या सातबाऱ्यावरील ‘आकार’ या शब्दामागचा इतिहास शोधू गेल्यास वाट थेट लंडनच्या शेअरबाजारापर्यंत जाते.

रिकार्डोचा जन्म १७७२ चा. ॲमस्टरडॅमहून लंडनला आलेल्या ज्यू दलालाचा हा मुलगा चौदाव्या वर्षी वडिलांच्या व्यवसायात शिरला. एकविसाव्या वर्षी त्याने क्वेकर पंथीय मुलीशी विवाह केला आणि घराने त्याच्याशी संबंध तोडले. मग त्याने स्वतंत्र दलाली मांडली. नेपोलियनशी युद्ध चालू होते आणि सरकारला कर्ज हवे होते. वॉटर्लूच्या लढाईपूर्वी अवघे काही दिवस उभारलेल्या सरकारी कर्जात त्याने भाग घेतला. त्याचा मित्र माल्थस याचाही त्यात थोडा वाटा होता, पण माल्थसचा धीर सुटला आणि त्याने आपला वाटा आधीच विकायला लावला. रिकार्डो थांबला आणि अतिश्रीमंत झाला. पुढे त्याने जमीनजुमला घेतला, १८१७ मध्ये अर्थशास्त्रावरील आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८१९ मध्ये तो आयर्लंडमधील पोर्टार्लिंग्टन येथून पार्लमेंटात गेला. या मतदारसंघात मतदार होते जेमतेम डझनभर! जागा पैसे मोजून मिळवलेली होती आणि मतदारसंघाचे दर्शन घेण्याची तसदी या लोकप्रतिनिधीने कधीच घेतली नाही. लोकशाहीची जननी म्हणून जिचे गोडवे आपल्याकडे गाइले जातात, तिचे त्या काळचे रूप हे असे होते.

तरीही माणूस म्हणून त्याला न्याय दिलाच पाहिजे. स्वतः मोठा जमीनदार असूनही धान्याच्या आयातीवरील निर्बंधांना त्याने विरोध केला, कारण त्यांनी जमीनदारांचे खंड वाढतात आणि गरिबाची भाकरी महागते, असे त्याचे मत होते. स्वतःच्या हिताविरुद्ध सभागृहात बोलणारे लोकप्रतिनिधी तेव्हाही दुर्मिळच होते. १८२३ मध्ये, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी तो निवर्तला.

अनर्थ झाला तो त्याच्या सिद्धान्ताला इकडे आणल्यावर. लागवडीचा खर्च, मजुरी आणि भांडवलावरील नफा वजा जाता जमिनीच्या कसामुळे उरते ते ‘खंड’, आणि त्यावर शेतकऱ्याचा स्वतःचा असा काही हक्क नाही, असा अर्थ लावण्यात आला. रिकार्डोचा मित्र जेम्स मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत बसून भारताचा इतिहास व महसूल दोन्ही ठरवीत होता. भारतभूमीवर त्याने पाऊलही ठेवले नव्हते. हेलीबरी येथे माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या प्रिंगल नामक अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात हा सिद्धान्त राबविला आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के हा सरकारचा वाटा ठरविला. कागदावर हिशेब चोख होता, पण पावसाने दगा दिला की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नसे. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, लोक गावे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाले, याची कबुली पुढे मुंबई सरकारच्याच प्रशासन अहवालात आहे. अखेर १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांना नव्याने पाहणी करून तीस वर्षांचे दर बांधावे लागले. आकार तेव्हापासूनचा.

या सिद्धान्ताला उत्तर देणारा पुरुष जन्मला तो पिंपळगावच्याच तालुक्यात. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी स्पष्ट बजावले की, अर्थशास्त्राचे नियम गुरुत्वाकर्षणासारखे सार्वत्रिक नाहीत. देश, काल, समाज यांनुसार ते बदलतात. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण युरोपने कारखाने चालवावेत, ही श्रमविभागणी निसर्गाची नसून सत्तेची आहे, हे त्यांनी ओळखले होते. रिकार्डोच्या प्रसिद्ध उदाहरणात पोर्तुगालने द्राक्षांची दारू गाळावी व इंग्लंडने कापड विणावे, असे आहे. विशेष म्हणजे त्याच्याच आकड्यांनुसार पोर्तुगाल दोन्हींत सरस असतो! तरी कापड इंग्लंडकडेच.

आज निफाडची द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात, ती जावीतच. स्वदेशी म्हणजे कवाडे लावून बसणे नव्हे. आपली कवाडे केव्हा व किती उघडायची, हे आपल्या उत्पादकाचे हित पाहून ठरविणे म्हणजे स्वदेशी. या कसोटीवर डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी उतरत नाही, मग सत्तेवर कोणीही असो. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लादूनच. शुल्क पूर्णतः हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरी ग्राहकाची काळजी रिकार्डोनेही वाहिली होती, परंतु त्याच्या देशातील तोटा बड्या जमीनदाराच्या पदरी पडणार होता. येथे तो दोन-चार एकरवाल्याच्या पदरी पडला, आणि तोही माल चाळीत असताना किंवा काढणीला आलेला असताना. निर्यातीवरचा कोणताही निर्बंध लागवडीपूर्वी जाहीर झाला पाहिजे, आणि तसा तो झाला नाही तर दरातील फरक सरकारने उत्पादकाला भरून दिला पाहिजे.