केळीला समुद्री शेवाळ दिलं, पण कार्बन साठतो कुठे?

रावेर, यावल, चोपडा किंवा शिरपूर. तिथल्या कृषी केंद्रात समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली सहज मिळते. केळीला कुणी ती ठिबकमधून सोडतं, कुणी फवारतं. समुद्र खान्देशापासून शेकडो किलोमीटर लांब, पण शेवाळ बांधावर पोहोचलंय.

याच शेवाळाबद्दल आणखी एक दावा ऐकू येतो. शेवाळ कार्बन शोषतं, म्हणून शेवाळाची शेती वाढवली की हवामान बदलावर इलाज सापडला. दावा अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा समजून घेऊ.

शेवाळ कार्बन घेतं, मग अडचण काय?

घेणं वेगळं आणि साठवणं वेगळं. भारतात अर्कासाठी प्रामुख्याने कप्पाफायकस हे लाल शेवाळ वापरतात. त्यातून अर्क काढण्याचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केलं. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात हे शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात आणि साधारण 45 दिवसांत काढतात. पुढे ते वापरलं, खाल्लं, कुजलं की त्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो.

केळीच्या खोडाचं आठवा. घड उतरल्यावर खोड बांधावर कुजतं आणि त्यातला बहुतेक कार्बन परत हवेत जातो. इथेही हिशोब तोच.

नैसर्गिक शेवाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2016 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज सांगतो, की जगभरातलं शेवाळ वर्षाला सुमारे 17 कोटी टन कार्बन दीर्घकाळासाठी बाजूला काढतं. पण त्यातला बराचसा भाग खोल समुद्रात वाहून गेलेल्या तुकड्यांमुळे आहे. शेतीत मात्र आपण पीक काढून किनाऱ्यावर आणतो.

मग साठवतं कोण?

समुद्री गवत. हे शेवाळ नाही. त्याला खरी मुळं, फुलं आणि बिया असतात. समुद्रतळाच्या 0.2 टक्क्यांहून कमी जागेत ते उगवतं, तरी समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे 10 टक्के कार्बन त्याच्या कुरणांत जातो, असा अंदाज आहे. त्याची पानं पाण्याचा वेग कमी करतात, म्हणून गाळ खाली बसतो. त्या गाळात ऑक्सिजन जवळपास नसतो, त्यामुळे मुळं आणि पानं शतकानुशतकं पूर्ण कुजत नाहीत.

म्हणूनच हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने 2013 मध्ये किनारी कार्बनच्या हिशोबाची पद्धत दिली, तेव्हा त्यात कांदळवनं, खारे दलदली भाग आणि समुद्री गवत होतं. शेवाळ नव्हतं.

पण ही तिजोरी फुटूही शकते. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये 2010-11 च्या सागरी उष्णतेच्या लाटेत गवताच्या कुरणांचं मोठं नुकसान झालं. पुढच्या तीन वर्षांत तिथून 20 ते 90 लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्याकडे काय?

भारतातली मोठी कुरणं पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात आहेत, म्हणजे तराफे आहेत त्याच किनाऱ्याला. 2022 मध्ये तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात गवतावर जगणाऱ्या डुगाँगसाठी 448 चौरस किलोमीटरचं संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. त्यामुळे गवतही वाचतं. उलट, गवताच्या कुरणावरच तराफे बांधले तर खालचं ऊन अडतं. शिवाय कप्पाफायकस मूळचं इथलं नाही. मन्नारच्या आखातात ते प्रवाळांवर पसरल्याच्या नोंदी आहेत.

महाराष्ट्रात हे साठवणुकीचं काम मुख्यतः कांदळवनं करतात. त्यांच्यासाठी वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 पासून आहे.

मग बाटली घ्यायची की नाही?

तो निर्णय केळीकडे बघून घ्या. 2021 पासून अशी जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे घेताना लेबल तपासा. शेवाळशेतीतून किनाऱ्यावरच्या बायकांना रोजगार मिळतो, हाही फायदा खरा आहे.

फक्त कुणी त्याच शेवाळाच्या नावाने कार्बन क्रेडिट विकायला आलं, तर एवढंच विचारा: पीक काढल्यावर कार्बन गेला कुठे?