लिपी पाटीवर, भाषा कुठे?

'बिग बझार' ही दुकानांची साखळी २००१ साली सुरू झाली आणि 'इस से सस्ता और अच्छा कहीं नहीं' हे तिचे ब्रीदवाक्य घरोघरी पोचले. वाक्य हिंदी, वळण बाजारातल्या बोलण्याचे. बोधचिन्हाखाली मात्र ते रोमन लिपीत. ग्राहकाची भाषा कानापुरती घ्यायची आणि डोळ्यांपुढे प्रतिष्ठेची लिपी ठेवायची, असा हा व्यवहार होता. २०२२ मध्ये तिच्या अनेक दालनांचा ताबा रिलायन्सकडे गेला आणि तिथे 'स्मार्ट बाजार'ची पाटी लागली. मालक बदलला, रीत बदलली नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही बजावले. अनेक मराठीप्रेमींना हा विजय वाटला. आम्हांला तो अर्धाच वाटतो. पूर्वी हिंदी वाक्य रोमन लिपीत होते. आता इंग्रजी नाव देवनागरीत आले. भाषा आणि लिपी यांची फारकत दोन्हीकडे सारखीच.

त्यातही रोमन नावाचा रंग, जाडी, अक्षरांमधील अंतर हे सारे जाणकारांकडून ठरवून घेतलेले असते. देवनागरी नाव मात्र बहुधा संगणकात हाताशी आलेल्या टंकात उमटते: शिरोरेषा रोमन अक्षरांच्या जाडीशी न जुळणारी, वेलांटी चौकटीला टेकलेली. कायद्याने आकार मिळवून दिला. रूप कोण देणार? कौशल्य नाही, असे म्हणावे, तर निर्णयसागर छापखान्याचे सुबक टंक आणि र. कृ. जोशी यांचे अक्षरकार्य याच मुंबईतले. उणीव आहे ती आदराची.

हा केवळ सजावटीचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांशी आमचे मतभेद आहेत. विद्यार्थी कवितेआधी पाट्या वाचतो. देवनागरी ही नाइलाजाने लावायची लिपी आहे, हा धडा तो तिथेच गिरवतो; मग आमचे व्याख्यान तो कितीसा पुसणार?

म्हणून राष्ट्रीय साखळ्यांनी देवनागरी बोधचिन्ह रोमनच्या तोडीने घडवून घ्यावे. दालनातील फलक, दरपत्रके आणि पावत्याही मराठीत असाव्यात. आणि मराठीच्या अध्यापकांनी ही मागणी राजकीय पक्षांवर सोपवून स्वस्थ बसू नये.