एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे

सांधे दुखत असतील, थकवा जात नसेल, केस गळत असतील तर एएनए (अँटीन्यूक्लिअर अँटिबॉडी) तपासावे, अहवाल पॉझिटिव्ह आला की ल्युपस या स्वप्रतिरक्षित रोगाचे निदान पक्के समजावे आणि पुढे त्याच आकड्यावर औषध कमी-जास्त करावे, असे एक मत वैद्यकीय व्यवसायातच ठामपणे मांडले जाते. स्वतःच्या पेशीकेंद्रातील घटकांविरुद्ध शरीराने तयार केलेली ही प्रतिपिंडे ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत सापडतात, हा या मताचा आधार खरा आहे. परंतु ती ज्याच्यात सापडतील त्याला ल्युपस असतोच, हे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्रीय अभ्यासात निरोगी व्यक्तींचे रक्तद्रव १:४० इतके पातळ करून तपासले असता सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के नमुने पॉझिटिव्ह आढळले. ल्युपस लाखात फार तर शे-दीडशे जणांना होतो. म्हणजे एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली, तर १:८० ला सुमारे तेरा हजारांच्या हाती भीतीचा कागद पडेल आणि खरे रुग्ण त्यांत मूठभर असतील. थायरॉइडचे विकार, यकृतदाह, इतकेच काय, क्षयावरचे आयसोनियाझिडही ही चाचणी पॉझिटिव्ह करू शकते, आणि ज्या देशात क्षयाचे औषध लाखोंच्या पोटात जाते तेथे हे विसरणे अक्षम्य आहे. ल्युपसची खूण मानल्या गेलेल्या, १९४८ साली वर्णिलेल्या एलई पेशींबाबतही असाच उतावळेपणा झाला होता. त्या पुढे संधिवाताच्या रुग्णांतही दिसल्या, तरी त्यापासून धडा घेतला गेला नाही. युरोपीय व अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत १:८० ची एएनए ही केवळ प्रवेशाची अट आहे. त्यानंतर लक्षणे व इतर तपासण्या मिळून दहा गुण भरावे लागतात आणि त्यांत निदान एक शारीरिक लक्षण लागतेच. एएनएचा आकडा रोगाच्या चढउतारामागे जात नाही, म्हणून ही चाचणी वारंवार करणे हा निव्वळ खर्च आहे.

प्रतिपिंडांचे खरे मोल नेमक्या प्रश्नाला नेमकी चाचणी लावण्यात आहे. डीएस-डीएनए आणि एसएम यांविरुद्धची प्रतिपिंडे ल्युपसबाहेर क्वचितच आढळतात. त्यांपैकी पहिल्यांची पातळी वाढून सी३ व सी४ ही पूरक प्रथिने घटू लागली, तर लघवीतील प्रथिने तातडीने मोजावीत, कारण मूत्रपिंडदाहाची ती पूर्वसूचना असू शकते. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे रक्ताच्या गुठळ्या व वारंवार होणारे गर्भपात यांच्याशी निगडित असल्याने त्यांची तपासणी किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते. रो-विरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीला गर्भ राहिल्यास बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.