रतनपूरचा सुभा आणि खासदाराचे लेटरहेड

भिलाईचा परिसर ज्या छत्तीसगढ प्रांतात येतो, तेथे 1787 ते 1818 या काळात नागपूरकर भोसल्यांचे सुभेदार रतनपूरहून कारभार पाहत. बिंबाजी भोसल्यांच्या निधनानंतर व्यंकोजींनी नागपुरातच राहणे पसंत केले आणि सुभेदारी ठेक्याने दिली जाऊ लागली. ठेक्याची रक्कम भरायची आणि ती रयतेकडून काढायची, एवढाच त्या पदाचा अर्थ उरला. विठ्ठल दिनकरांनी 1790 मध्ये जुनी गढव्यवस्था मोडून परगणे पाडले, हे खरे. परंतु पद हीच गुंतवणूक असेल, तर सुधारणाही वसुलीच्याच सोयीची ठरते.

स्वातंत्र्यानंतर याच प्रांतात उलट दिशेचा प्रयोग झाला. 1955 च्या सोव्हिएत करारातून भिलाईचा सार्वजनिक पोलाद कारखाना उभा राहिला आणि दल्ली-राजहराचे लोहखनिज त्याच्या दिमतीला आले. खाण विशिष्ट उद्योगासाठी राखण्याचे हे तत्त्व 1993 च्या कायदेदुरुस्तीनंतर खासगी वीज कंपन्यांच्या कोळशालाही लागू झाले, आणि ठेक्याची जुनी रीत नव्या वेषात परतली.

छत्तीसगढमधील फत्तेपूर (पूर्व) कोळसा खाणपट्ट्याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तो जेएलडी यवतमाळ एनर्जी या कंपनीस मिळाला. महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यसभा सदस्य विजय दर्डा यांनी पंतप्रधानांना लिहिलेली पत्रे या खटल्याच्या केंद्रस्थानी होती. जुलै 2023 मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने दर्डा, त्यांचे पुत्र व कंपनीचे संचालक यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. कोळसा सचिवपदी राहिलेले एच. सी. गुप्ता यांनाही तीन वर्षांची शिक्षा झाली. दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांनी हा तपशील नजरेआड करू नये; शिफारशीचे पत्र लिहिणारा एक असतो, फाइलवर सही दुसऱ्याची असते.

अपिलाचा निकाल काहीही लागो, नियमांतील उणीव त्याने बुजत नाही. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे. नियम 294 नुसार सभागृहात वा समितीत एखाद्या विषयात आर्थिक हितसंबंध असल्यास सदस्याने तो आधी जाहीर करायचा असतो. लोकसभेचा नियम 371 मतदानापुरता बोलतो. मंत्र्याला वा पंतप्रधानांना लिहिलेले पत्र मात्र ना चर्चा, ना मतदान. ज्या वाटेने खाणपट्टे, परवाने आणि जमिनी खरोखर मिळतात, तिच्यावर नाकेच नाही. पत्राच्या माथ्यावरच हितसंबंध नमूद करण्याची सक्ती दोन्ही सभागृहे आपल्या नियमांत दुरुस्ती करून आणू शकतात. त्यासाठी स्वतंत्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.