दूधवाल्याचं हसू

"पूर्वीच्या मालिका कशा स्वच्छ असायच्या! सगळ्या घराने एकत्र बसून बघाव्यात!" १९५०च्या दशकातल्या अमेरिकन कौटुंबिक मालिकांबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. मंडळी, मला त्या 'स्वच्छ' शब्दाचाच राग येतो.

'लीव्ह इट टू बीव्हर'चं घ्या. टापटीप घर, गळ्यात मोत्यांची माळ घालून स्वयंपाकघरात वावरणारी आई, समजूतदार बाबा, मुलांच्या बारीकसारीक खोड्या. मालिका सुरू झाली ऑक्टोबर १९५७ मध्ये. आदल्याच महिन्यात लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला लष्कर बोलवावं लागलं होतं. या घरात त्याची कुणकुणही नाही. काळा माणूसच जवळजवळ दिसत नाही, मग त्याचा प्रश्न कुठून दिसणार? हे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं झालं.

डेव्ह शापेलने २००४ मध्ये 'शापेल्स शो'त नेमकं अशाच घराचं विडंबन केलं. चित्र कृष्णधवल, मागे तेच पेरलेले हशे, आणि एक सालस गोरं कुटुंब. फक्त त्यांच्या आडनावाचा उच्चार म्हणजे थेट काळ्यांना दिली जाणारी ती 'एन'ची शिवी! शापेल स्वतः त्यांचा काळा दूधवाला, क्लिफ्टन. आडनावाने हाक मारायची एकही संधी तो सोडत नाही.

"शी, किती शिवराळ!" म्हणणाऱ्यांनो, काय घडतं ते तरी बघा. आळशी, बिलं थकवणारे... काळ्यांवर मारले जाणारे सगळे शेरे या घरावर मारले जातात आणि त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. शेवटी क्लिफ्टन बायकोसोबत हॉटेलात ताटकळत असतो. ते आडनाव पुकारलं जातं. आपल्यालाच शिवी दिली असं वाटून तो चिडतो, पण टेबल असतं त्या गोऱ्या घरातल्या मुलाचं. सगळे हसतात, क्लिफ्टनही हसतो, आणि हसता हसताच बोलून जातो की हा वर्णद्वेष त्याला आतून मारतोय.

शब्द तोच. एकाला टेबल, दुसऱ्याला अपमान.

एवढं ऐकूनही नुसतं त्या शब्दावर खिदळणारे आहेतच. माझं भांडण त्यांच्याशीही आहे. खुद्द शापेलला असंच हसणं खुपलं होतं. दुसऱ्या एका स्किटच्या चित्रीकरणात एका गोऱ्या माणसाचं हसू त्याला टोचलं, हे त्याने २००६ मध्ये ऑप्रा विन्फ्रीला सांगितलं. त्याआधीच, २००५ मध्ये, कोट्यवधी डॉलर्सचा करार सोडून तो निघून गेला होता.

मग असे विनोद नकोतच? मुळीच नाही. चुकीच्या हसण्याशी निदान भांडता येतं. ज्या घरात क्लिफ्टनला जागाच नाही, त्या घराशी भांडणार कसं?

आणि आडनाव ऐकून समोरच्याला कुठे बसवायचं हे ठरवणं आपल्याला काही नवीन नाही. ते मी समजावून सांगायला नको.

असो. जुन्या मालिका जरूर बघा, मीही बघतो. फक्त 'स्वच्छ' म्हणताना, कोणाला दाराबाहेर ठेवून स्वच्छ, एवढं विचारा.