पदवी हवी, पण दार उघडं ठेवून

मागच्या पावसाळ्यात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुपदेशन केंद्रात जागा निघाली. अट एकच, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. बावीस वर्षं वाड्यावाड्यांतून फिरलेल्या, परित्यक्ता बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माझ्या मैत्रिणीचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला. आता तिथे नेमलेली मुलगी अडचण आली की तिलाच फोन करते, "ताई, या वाडीत कुणाशी बोलू?" ताई सांगते. बिनपगारी.

ही पदवी आली कुठून? १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा निघाली. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी देशातली ती पहिली संस्था, आजची 'टिस'. १९५५ मध्ये निर्मला निकेतन आलं, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. पण ज्यांचं नाव या संस्थेला आहे, ते आमच्या मुरूडचे अण्णासाहेब कर्वे. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा अशी पदवीच नव्हती. मावशी हळब्यांनी १९५४ मध्ये देवरुखला 'मातृमंदिर' सुरू केलं, तेही समाजकार्याची पदवी घेऊन नव्हे.

म्हणून पदवी निरुपयोगी, असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीला आम्हीही 'समेट' घडवायचो. नवरा, सासू, सरपंच यांच्यासमोर बाईला विचारायचो, "बोल, काय झालं?" ती गप्प. आम्ही समजूत घालून परत पाठवायचो. एकीला तर तीनदा पाठवली. मग मुंबईहून एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आली. तिनं आधी त्या बाईला एकटीला बसवलं, तिला काय हवंय ते विचारलं आणि तिच्या परवानगीनं मारहाणीच्या तारखा लिहून ठेवल्या. पुढे कोर्टात ती वही कामी आली. 'टिस'नं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या जोडीनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, तो अशाच प्रशिक्षित कामाच्या बळावर.

डॉक्टर, वकील, नर्स यांच्यासारखी आपल्यालाही परिषद हवी, ही समाजकार्यकर्त्यांची जुनी मागणी. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा कायद्यात वैद्यकीय आणि मनोचिकित्सा क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, बाकीचे बाहेरच राहिले. परिषद मलाही हवी. बाईचं गुपित गावभर करणाऱ्याला कुणीतरी जाब विचारायला हवा.

पण नोंदणीचं दार फक्त पदवीनंच उघडणार असेल, तर माझा विरोध आहे. अनुभवी कार्यकर्तीची परीक्षा घ्या, कामाच्या नोंदी तपासा, मराठीतून वर्षभराचं प्रशिक्षण द्या आणि मग तिची नोंदणी करा. लग्नामुळे शाळा सुटलेल्या बाईला "आधी बी. ए. हो" म्हणणं सोपं आहे. तिच्या बावीस वर्षांचं काय करायचं?

मैत्रिणींनो, तुमच्या भागात काय अनुभव आहे? जरूर लिहा.